पाणजूला गाडी थांबत होती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. आजवर या मंडळात मी चकलीची भाजणी आणि भिशीचा हिशेब या दोनच विषयांवर बोलले आहे. पण चिटणीसबाईंनी सांगितले की, यंदा वर्धापनदिनाला बाहेरचे वक्ते आणायचे नाहीत, आपल्यातल्याच कोणी तरी आपल्याच गावाबद्दल बोलायचे. मी विषय निवडला स्टेशनांच्या नावांचा. आपल्या नायगावच्या बायकांचे निम्मे आयुष्य स्टेशनावर आणि गाडीत जाते, तेव्हा विषय घरचाच आहे. पण मला मुख्य सांगायचे आहे ते एका लहानशा थांब्याबद्दल. तो आज नाही. त्याचे नाव पाणजू.

मी २००३ साली लग्न होऊन इकडे आले. माहेर देशावरचे. आमच्या गावी गाडी म्हणजे एस.टी. रेल्वे पाहिली होती, पण लोकलगाडी पाहिली नव्हती. लग्नाआधी मामांनी सांगितले होते, "पोरीला वसईला दिली. चिमाजीअप्पांनी घेतलेला किल्ला आहे तिथे." म्हणून मी वसई रोडला उतरले तेव्हा फलाटावरून किल्ला दिसतो का ते बघत होते! दिसला काय, तर रिक्षांची रांग आणि भजीची गाडी. आमच्या घरचे म्हणाले, "अगं, पाटीवर 'रोड' लिहिले आहे ते वाच. किल्ला इथून काही किलोमीटर लांब आहे."

त्या दिवशी मला रेल्वेची पहिली खूण कळली. नावाच्या मागे 'रोड' असले की समजायचे, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो. डहाणू रोड, वसई रोड, आणि आपल्या पलीकडच्या दिव्याच्या मार्गावरचे कामण रोड, ही सगळी त्यातलीच. मिरा रोडचे नाव ऐकून मला कित्येक वर्षे वाटत होते की, तिथे मीराबाईचे मंदिर असणार. एकदा शेजारणीला घेऊन जाऊन पाहायचेही ठरवले होते. मग कळले की, मिरे नावाचे गाव आहे, त्याच्यावरून मिरा. बरे झाले, हार घेऊन निघालो नाही.

तेव्हापासून मला नावांचा नाद लागला. गाडीत बसायला जागा मिळाली की लोकरीचे विणकाम काढायचे, आणि प्रत्येक स्टेशन आले की शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारायचे, "आजी, हे नाव कशावरून हो?" कोणी सांगे, कोणी कपाळाला आठ्या घाली. घरी आल्यावर मुलीला वाचनालयातून पुस्तक आणायला लावायचे, नाही तर फोनमध्ये बघायला सांगायचे. म्हातारीचे आणि पुस्तकाचे जुळले की ते नाव पक्के.

चर्चगेट म्हणजे मुंबईच्या जुन्या कोटाचा एक दरवाजा. त्यातून आत गेले की सेंट थॉमस चर्चकडे रस्ता जाई. तो कोट १८६० नंतरच्या वर्षांत पाडला, दरवाजाही गेला. दरवाजा नाही, पण रोज लाखो माणसे दरवाजाचे नाव घेऊन तिकीट काढतात. मरीन लाइन्सला दर्यावरच्या पलटणीची छावणी होती. चर्नी रोडला गुरांचे चरण होते, असे सांगतात. सर जमशेटजी जीजीभाईंनी गरिबांच्या गुरांसाठी तिथे जमीन घेऊन चराई फुकट केली, अशी त्याची कथा आहे. ग्रँट रोड हे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे. एल्फिन्स्टन रोडही गव्हर्नरांच्याच नावाचे होते. २०१८ च्या जुलै महिन्यात त्याचे प्रभादेवी झाले. आमच्या घरचे तिथल्याच एका कारखान्यात होते. ते अजून 'एल्फिन्स्टन'च म्हणतात. पाटी एका रात्रीत बदलते, जीभ बदलायला एक पिढी लागते. गोरेगावचे स्टेशन पूर्वी पहाडी होते, ते तर आता तिथल्याही पुष्कळांना ठाऊक नसेल. आणि जोगेश्वरी-गोरेगावच्या मधले राम मंदिर तर आपल्या डोळ्यांदेखत झाले, २०१६ च्या डिसेंबरात.

वसईला तर नावांची हौसच भागली आहे. पोर्तुगीज लोक इथे १५३४ ते १७३९ इतका काळ होते, त्यांनी वसईचे बसाईं केले. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर थोरल्या बाजीरावांच्या नावाने बाजीपूर झाले. इंग्रज आले, त्यांनी बसीन केले. शाळेत तहाच्या सनावळ्या पाठ केल्या असतील त्यांना १८०२ चा वसईचा तह आठवेल. इंग्रजी पुस्तकांत तो बसीनचाच आहे. आणि सासुरवाशिणीसारखी चार नावे लावून झाल्यावर गाव पुन्हा वसईच राहिले आहे. आम्हा बायकांची नावे लग्नात बदलतात, त्यातली जुनी परत मिळाल्याचे फारसे ऐकिवात नाही. असो.

नालासोपाऱ्याबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवे. त्या स्टेशनाचे नाव काढले की लोक नाक मुरडतात, गर्दीची विटंबना करतात. त्यातले सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक आणि रोमन व्यापारी ज्या बंदराचे नाव आपल्या पुस्तकांत लिहून गेले, ते हे बंदर. तिथे 'बुरूड राजाचा कोट' म्हणून एक टेकाड होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले. आत विटांचा स्तूप निघाला, स्तूपाच्या पोटात दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक बसवलेले करंडे, सोन्याची फुले आणि बुद्धाच्या लहान लहान धातूच्या मूर्ती. एकात एक करंडे! मी वाचले तेव्हा मला माझ्या आईच्या कुंकवाच्या डब्या आठवल्या. मोठ्या डबीत मधली, मधलीत लहान, आणि लहानीत मेणाचा तुकडा. सम्राट अशोकाच्या आज्ञा कोरलेले दगडही सोपाऱ्यालाच सापडले. विरार गाडीत चढताना धक्के खाणाऱ्या मुलींना कोणी तरी हे सांगितले पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आपल्या या मार्गाची गाडी सुरू केली ती बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे नावाच्या कंपनीने. जुनी माणसे तिला बी.बी.सी.आय. म्हणत, १९५१ साली तिची आणि इतर काहींची मिळून पश्चिम रेल्वे झाली. ही कंपनी १८५५ साली निघाली. तिने रूळ घातले ते गुजराथेकडून मुंबईकडे. म्हणजे मुंबईहून निघून रेल्वे आपल्याकडे आली असे जे आपल्याला वाटते, ते उलटे आहे. रेल्वे आपल्या दारावरून मुंबईला गेली. १८६४ साली ती ग्रँट रोडला पोहोचली. मध्ये मोठा अडथळा होता तो आपल्या वसईच्या खाडीचा. उल्हास नदीचे पाणी घेऊन ही खाडी समुद्राला मिळते, आणि साष्टीला उत्तरेच्या मुलखापासून तोडते. एका झेपेत ओलांडण्यासारखी ती नव्हती. पण खाडीच्या मध्यावर एक बेट होते. कंपनीने एक पूल अलीकडून बेटापर्यंत घातला आणि दुसरा बेटावरून पलीकडच्या काठापर्यंत. नदी ओलांडताना आपण मधल्या धोंड्यावर पाय देतो, तसा रेल्वेने पाणजू बेटावर पाय दिला.

पुढे सन १८६७ च्या एप्रिल महिन्याच्या १२ तारखेस विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची पहिली गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला परत फिरायची. दिवसाला जायला एक, यायला एक. ती चुकली तर दुसरी उद्या! माझ्या मुलीने तिच्या थांब्यांची यादी वाचून दाखवली. इंग्रज कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले: नील म्हणजे आजचे नालासोपारा, मग बसीन, पांजे, बेरिवला म्हणजे बोरिवली, पहाडी, अंदारू म्हणजे अंधेरी, सांताक्रूझ, बंदोरा म्हणजे वांद्रे, माहीम, दादरू, ग्रँट रोड.

मी पोळ्या लाटत होते. म्हटले, "थांब. बसीन आणि बेरिवलाच्या मध्ये काय म्हणालीस?"

"पांजे."

"आणि नायगाव?"

"नायगाव नाही."

"भाईंदर?"

"तेही नाही. दहिसर नाही, कांदिवली नाही, मालाड नाही."

भगिनींनो, तव्यावरची पोळी करपली. आज जिथे फलाटावर पाय ठेवायला जागा नसते त्या स्टेशनांचा पत्ता नव्हता, आणि पहिली गाडी थांबत होती पाणजूला! आपल्या खाडीतल्या त्या बेटाला, जिथे आज एकही गाडी थांबत नाही.

पाणजूच्या मावशींना तुम्ही सगळ्या ओळखता. आज त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मी नाव घेतल्याबरोबर त्यांनी पदर तोंडाला लावला आहे. गेली पंधरा वर्षे आपल्या आळीत चिंबोऱ्या आणि निवट्यांची पाटी घेऊन त्या येतात. आमच्या घरी सोमवारी आणि चतुर्थीला सामिष चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त लक्षात असते. त्यांच्या घरावरून, म्हणजे जवळजवळ अंगणावरूनच म्हणा ना, दर काही मिनिटांनी गाडी जाते. पहाटेच्या पहिल्या गाडीने त्यांना जाग येते, शेवटची गेली की त्या झोपतात. पण गाडीत बसायचे तर आधी होडीत बसायचे, होडीने नायगावच्या काठाला यायचे, तिथून चालत स्टेशन गाठायचे. मुलांची शाळा होडीने, दुखणेकऱ्याचा डॉक्टर होडीने, नव्या नवरीचे रुखवतही होडीने. मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाय, गाडी आमच्या डोक्यावरनं जाते, पण आमच्यासाठी थांबत नाय."

मागच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी त्यांना ही यादी सांगितली. कैरीची डाळ हातात घेऊन त्या ऐकत होत्या. मी म्हटले, "मावशी, तुमच्या गावाला गाडी थांबत होती हो, १८६७ साली." त्या म्हणाल्या, "माझ्या खापरपणजीला ठाऊक असंल. मला तर पाटी घेऊन चिखलातनं जाणं ठाऊक." आणि हसल्या. पण निघताना दारात परत फिरल्या आणि विचारले, "तिथं नाव लिवलंय ना खरंच? पाणजूचं?" मी मुलीकडून तो कागद उतरवून घेतला आणि त्यांना दिला. त्यांच्या नातवाने तो घरात चिकटवला आहे, असे कळले.

होडी नेहमी मिळते असे नाही. ओहोटी असते, वारा असतो, कधी होडीच बंद असते. तेव्हा पाणजूची माणसे रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत येतात. ते नियमाला धरून नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सकाळची कामाची वेळ नियम विचारत नाही. खाली पाणी, शेजारून धडधडत जाणारी गाडी, आणि कडेने एकामागून एक माणसे.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगताना मला लाज वाटते. तरी सांगते, कारण ते न सांगता खाली बसले तर इतका वेळ बोलले ते सगळे वाया.

आपण सगळ्या लोकलच्या बायकांच्या डब्यातून जातो. जगातली पहिली बायकांची खास गाडी १९९२ साली आपल्याच मार्गावर सुटली, चर्चगेटहून बोरिवलीला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच डब्यात खाडी आली की काय होते? हात जोडले जातात. पर्समधून नाणे निघते. आणि घरून आणलेली निर्माल्याची पिशवी दारातल्या बाईच्या हातात दिली जाते, "ताई, एवढी खाडीत टाका हो." डोळे मिटून नमस्कार. पिशवी कुठे पडली हे कोणी पाहत नाही, कारण डोळे मिटलेले असतात.

मीही टाकली आहे. एकदा नव्हे, कित्येकदा. मुलीच्या बारशानंतर सत्यनारायण केला, त्याचे निर्माल्य मी स्वतः दारात उभी राहून टाकले. त्यात कलशावरचा नारळ होता. मला वाटे, खाली नुसती खाडी आहे. खाली पाणजू आहे हे मला ठाऊक नव्हते, असे नाही. रोज तिथल्या बाईकडून मी चिंबोऱ्या घेत होते. पण ही खाडी आणि ते पाणजू मी मनात एकत्र आणले नव्हते.

मावशींनी एकदा गमतीने सांगितले होते की, पुलावरून येताना गाडीतून एक पिशवी बरोबर त्यांच्या पाटीत येऊन पडली. झेंडूची फुले आणि विड्याची पाने. "देवानं आंगावर फुलं टाकली म्हटलं," असे म्हणून त्या हसल्या. मीही हसले. पिशवीत नारळ असता तर, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही.

मग २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात, नवरात्राच्या सुमारास, पाणजूचा एक तरुण मुलगा होडी नव्हती म्हणून पुलावरून चालला होता. धावत्या गाडीतून कोणी तरी खाडीत टाकण्यासाठी भिरकावलेला निर्माल्यातला नारळ त्याच्या डोक्याला लागला. तो वाचला नाही. तुम्ही ती बातमी वाचली असेल. ज्याने किंवा जिने तो नारळ टाकला, तिने नमस्कार केला असेल आणि पुढच्या स्टेशनाला उतरून कामाला गेली असेल. तिला आजही कदाचित ठाऊक नसेल. ती मी नव्हते, एवढेच मी म्हणू शकते. ती मी असू शकले असते.

मावशी आठ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा पाटी उतरवली आणि काही न बोलता बसून राहिल्या. मी चहा दिला. त्यांनी मला काही विचारले नाही, मीही काही सांगितले नाही. पण त्या दिवसापासून मी ठरवले की, आपल्या घरचे निर्माल्य गाडीतून जाणार नाही.

ठरवणे सोपे. घरी सासूबाई आहेत. त्या म्हणाल्या, "देवाचे ते वाहत्या पाण्यातच गेले पाहिजे. कुंडीत घातलेस तर पायदळी येईल. आमच्या घराण्यात असे झाले नाही." त्या ऐकणाऱ्या नाहीत आणि मी उलट बोलणारी नाही. दोन महिने स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर पिशव्या लटकत राहिल्या. एक भरली की दुसरी. आमच्या घरचे म्हणाले, "मी जाता जाता टाकून येतो, वाद मिटेल." मी म्हटले, "तुम्ही नेलीत तर मी जेवणार नाही." वीस-बावीस वर्षांच्या संसारात असे मी पहिल्यांदाच बोलले. ते गप्प पानावर बसले.

तोड काढली ती मावशींनी. त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, तुमाला पाण्यातच सोडायचं ना? चला माझ्यासंगं होडीत. मधे गेल्यावर तुमच्या हातानं सोडा. पिशवी नको बरं का, नुसती फुलं." सासूबाईंचे वय पंचाहत्तर. गुडघे दुखतात. मला वाटले नाही म्हणतील. पण देवाचे काम म्हटल्यावर त्या तयार झाल्या. मी त्यांचा एक हात धरला, मावशींनी दुसरा, आणि आम्ही त्यांना होडीत बसवले. इतकी वर्षे नायगावात राहून त्या पाणजूला कधी गेल्या नव्हत्या. खरे सांगायचे तर मीही नव्हते.

होडी निघाली. पुलाजवळून जाताना वरून विरारची गाडी आली. गाडीत असताना आपल्याला तो आवाज कळत नाही. खालून ऐकला की छातीत धडकी भरते. पाणीसुद्धा थरथरते. आणि आम्ही वर पाहत असतानाच एका डब्याच्या दारातून एक हात बाहेर आला, एक निळी पिशवी सुटली, पुलाच्या लोखंडावर आपटली, फुटली, आणि त्यातला कलशावरचा नारळ आमच्यापासून चार-पाच हातांवर पाण्यात पडला. होडीवाल्याने होडी वळवलीसुद्धा नाही. त्याला सवय असावी.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. फुले त्यांनी सोडली, हात जोडले. पाणजूला उतरून मावशींच्या ओटीवर बसलो, पाणी प्यालो. भिंतीवर तो स्टेशनांच्या नावांचा कागद होता. सासूबाईंना वाचता येत नाही, म्हणून नातवाने बोट ठेवून त्यांना वाचून दाखवले. पांजेवर बोट ठेवले तेव्हा तो म्हणाला, "हे आम्ही." परतीच्या होडीतही त्या बोलल्या नाहीत. घरी आल्या, पाय धुतले, देवघरात गेल्या आणि आदल्या दिवशीच्या पूजेचा नारळ उचलून माझ्या हातात दिला. "फोड," म्हणाल्या, "आणि चटणी कर. थोडी मावशींना ठेव."

त्यानंतर आमच्या मागच्या अंगणात एक जुने पिंप ठेवले आहे. फुले-पाने त्यात जातात, वर माती टाकतो. सुताचे दोरे आणि प्लॅस्टिक वेगळे काढतो. दोन-तीन महिन्यांत खत होते, ते तुळशीला घालतो. तुळशीला घातलेले पायदळी येत नाही, हे सासूबाईंनाच सुचले. आपल्या आळीतल्या सात घरांचे निर्माल्य आता त्या पिंपात येते. ज्यांना आणून द्यायचे असेल त्यांनी आणून द्यावे, वेळ विचारू नये. नारळ मात्र आणू नये, तो आपापल्या घरी खावा. आणि डब्यात कोणी पिशवी पुढे केली तर ती घेऊन मांडीवर ठेवावी. मी तसेच करते. दोन वेळा बोलणी खाल्ली, एकदा एका बाईने माझ्याकडून पाणजू कुठे आहे ते विचारून घेतले.

स्टेशनाचे काय, म्हणाल. पाणजूला पुन्हा गाडी थांबावी असे मावशींना वाटते, मलाही वाटते. तेवढे आपल्या मंडळाच्या हातात नाही. पण मागणीचा अर्ज कोणी लिहीत असेल तर त्यात १२ एप्रिल १८६७ ही तारीख घालायला विसरू नये. आम्हाला नवे काही नको, आमचे होते ते द्या, असे त्यांना म्हणता येईल. त्या कागदाची आणखी एक प्रत मी चिटणीसबाईंजवळ दिली आहे.

माझे बोलणे लांबले. मावशी मघापासून दाराकडे बघताहेत, कारण ओहोटी लागायच्या आत त्यांना होडी गाठायची आहे. त्यांना आधी पान-सुपारी आणि चिवड्याची पुडी द्या, बाकीच्यांनी जरा थांबावे.